वळणावरचा माणूस

रादिमने तिपाईचा तिसरा पाय ओल्या खडीत रोवला आणि मान वर केली, तेव्हा ती बाई रुळांच्या पलीकडे उभी होती.

काल होती तिथेच. तीन बर्च झाडांखाली, डोक्याला गडद निळा रुमाल, हातात वेताची टोपली. टोपली रिकामी होती. अळंबी वेचायला आली असेल, असे त्याने काल स्वतःला समजावले होते. पण नोव्हेंबर संपत आला होता, जमीन गोठून अळंबी कधीच सडून गेली होती, आणि ही बाई जमिनीकडे बघतच नव्हती. अळंबी वेचणारा माणूस मान वर करत नाही. ती रुळांकडे बघत होती, आणि मधूनच त्याच्याकडे.

तिपाईवर कॅमेरा बसवून तो दोन पावले पुढे आला. खाली नदीवर धुके साचले होते आणि लोखंडी पुलाचा पलीकडचा अर्धा भाग त्यात दिसेनासा झाला होता. डाव्या हाताला रूळ जंगलातल्या खिंडीतून बाहेर पडत आणि इथे, या दोघांच्या मधून, वळण घेऊन पुलाकडे जात. खिंडीतून बाहेर आलेल्या गाडीला या वळणाआधी फारसे काही दिसत नाही. दिसले तरी तेवढ्यात थांबता येत नाही. हे रादिमला पक्के ठाऊक होते.



असे उभे राहणारे लोक असतात, हे त्याला जुलैमध्ये कळले होते. तोवर त्याने तसा विचारच केला नव्हता. जिल्ह्याच्या गावच्या स्टेशनातल्या खाणावळीत तो लसणीचे सूप पीत बसला होता, आणि शेजारच्या टेबलावर ड्यूटी संपलेले रेल्वेचे लोक बिअर घेऊन बसले होते. त्याच्या गळ्यातला कॅमेरा बघून एक जण म्हणाला होता,

"आले बघा रेल्वेचे जावई. आज कोणत्या इंजिनाचं मुखदर्शन?"

सगळे हसले. रादिमही हसला. हे टोमणे त्याला सवयीचे होते. पण कोपऱ्यातला एक वयस्क चालक हसला नव्हता. ग्लास खाली ठेवून तो म्हणाला होता,

"तुम्ही लोक रुळाशेजारी उभे राहता ना, तेव्हा आम्हाला वरून फक्त एक माणूस दिसतो. तो कॅमेरा काढणार की उडी मारणार, हे तो आमच्या काचेपर्यंत येईस्तोवर कळत नाही. आमच्यातला एक जण एप्रिलपासून आजारी रजेवर आहे. पुलाजवळच्या वळणावर एका माणसाने त्याच्या गाडीपुढे उडी मारली. अजून बुटाची नाडी बांधता येत नाही त्याला, हात कापतात."

 रादिमने उरलेले सूप तसेच ठेवले होते.

ते वळण हेच.

त्याने घड्याळ पाहिले. व्रबेतिनहून येणारी एका डब्याची लाल रेलबस आता सुटली असेल. पहिले फाटक गावाबाहेर, दुसरे खिंडीच्या तोंडाशी. तिथे ती शिट्टी देईल. त्यानंतर मात्र फार वेळ उरणार नाही.

"अहो बाई," तो ओरडला. आवाज धुक्यात बसका निघाला. "गाडी यायची वेळ झालीय."

"माहितीय मला," ती पलीकडून म्हणाली.

"मग जरा मागे सरा."

"तुम्ही सरा की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सावध, हळू आवाजात ती बोलली होती, जसे आपण अनोळखी कुत्र्याशी बोलतो तसे. रादिमला ते फार विचित्र वाटले.  एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी दाराच्या फटीतून बोलून त्यांना शांत ठेवणे, हे त्याचे काम होते. पण तिथे माणसाला बाहेर यायचे असायचे.

चेन्येक असता तर बोलला असता. चेन्येक कुणाशीही बोलायचा. फाटकवाल्यांशी, तिकीट तपासणाऱ्या पोरींशी, स्टेशनमास्तरच्या बकरीशीसुद्धा. तीस वर्षे ते दोघे मिळून गाड्यांचे फोटो काढत हिंडले. फोटो रादिम काढायचा, आणि चेन्येक थर्मासमधला रम घातलेला चहा ओतत, गाडी कशी दहा मिनिटे उशिरा येणार आणि त्याला जबाबदार कोण, हे सांगत बसायचा. दोघांच्याही बायका याच पायी निघून गेल्या, असे चेन्येक म्हणायचा. त्यात तथ्य एवढेच होते की रादिमची बायको गेली होती. चेन्येकने लग्नच केले नव्हते.

यंदाच्या डिसेंबरच्या नव्या वेळापत्रकात जुन्या लाल रेलबस बंद होणार, हे जाहीर झाले त्या दिवशी चेन्येकने स्वयंपाकघरातल्या टेबलावर देशाचा नकाशा पसरला होता. "एक वर्ष," तो म्हणाला होता. "दोघेही निवृत्त. रेल्वेचा एकही फाटा सोडायचा नाही. आणि शेवट व्रबेतिनच्या वळणावर. त्याच्यासारखी जागा दुसरी नाही." वर्ष सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरात, तो इस्पितळात गेला आणि तिथून परत आला नाही.

जानेवारीत रादिम एकटाच निघाला. थर्मास दोन कपांचा होता, तोच घेतला. डोंगरातल्या बर्फात, गुडघाभर बुडत, त्याने वर्षातला पहिला फोटो काढला. पुढे चेरीचा मोहर, मग मोहरीची पिवळी शेते, मग धुळीने माखलेली उन्हाळी स्टेशने, जिथे उतरणारा तो एकटाच असायचा. उन्हाळ्यापर्यंत हे सगळे बरे चालले होते. तो थकून घरी यायचा, मुलीला, रोमानाला, फोन करून आज कुठे गेलो ते सांगायचा, झोपायचा. नंतर कधीतरी फोन करणे राहून जाऊ लागले. मग रोमाना फोन करायची आणि तो उचलायचा नाही, कारण तो गाडीत असायचा, किंवा गाडीची वाट बघत असायचा. सप्टेंबरच्या शेवटी नकाशावरचे सगळे फाटे संपले. तेव्हापासून तो इथेच येत होता. कधी एक दिवस सोडून, कधी रोज. इथला उजेड अजून हवा तसा मिळाला नव्हता, एवढेच.

खिंडीच्या तोंडाशी शिट्टी वाजली.

नेहमीपेक्षा लांब वाजली. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. बाईने ती ऐकली, त्याच्याकडे पाहिले, आणि हातातली टोपली गवतात ठेवली.

 हात मोकळे करून माणूस काय करतो, एवढेच रादिमच्या मनात आले. तिपाई, कॅमेरा, सगळे सोडून तो खडीच्या उतारावरून चढला आणि रुळांवर पाय टाकला. बुटाच्या तळव्याला बारीक थरथर लागत होती. रूळ बोलायला लागले होते. त्याच क्षणी पलीकडून ती बाईही झपाट्याने पुढे आली, थेट रुळांकडे, दोन्ही हात पुढे करून.  तो दुसरा रूळ ओलांडून तिच्या अंगावर जवळजवळ धडकला आणि तिने त्याच्या कोटाची बाही मुठीत पकडली.

पकड भयंकर होती. कोटाच्या आतून दंडाला नखे लागली.

"मागे," तो म्हणाला. "मागे चला."

"चला," ती म्हणाली. पण बाही सोडली नाही.

दोघेही बर्च झाडांपर्यंत मागे सरकले. रादिम तिच्या आणि रुळांच्या मधे उभा राहिला. तिला ते आवडले नसावे. ती त्याला बाहीला धरून बाजूला ओढत होती, आणि तो हटत नव्हता. तिच्या तोंडाला जिऱ्याचा आणि कॉफीचा वास येत होता. चाळिशी ओलांडून बरीच वर्षे झालेली, गालांवर थंडीने फुटलेल्या लाल रेषा, डोळे मात्र टक्क उघडे. भ्यालेले डोळे. एवढे भ्यालेले डोळे त्याने जवळून पाहिले नव्हते.

बोलत राहायचे, त्याने ठरवले. काहीही.

"ही गाडी," तो म्हणाला, "ही बंद होणार आहे. डिसेंबरात. तुम्हाला माहितीय?"

"हो का?"

"नवी येणार. निळी-पांढरी. पायऱ्या नाहीत तिला, म्हाताऱ्या माणसांना बरं. पण आवाजच नाही. ही कशी, लांबून कळते. चढावर खोकते."

"खोकते," ती म्हणाली. "सांगा. अजून सांगा."

"आत बसलं की खिडक्या खडखडतात. पुढच्या बाजूला हीटर जवळ एक सीट असते, तिथे बसलं की पाय भाजतात आणि पाठ गारठते. माझा एक मित्र मुद्दाम तिथेच बसायचा."

"नाव काय त्यांचं?"

"चेन्येक."

"आणि तुमचं?"

तो सांगणार, तेवढ्यात खिंडीतून दोन पिवळे दिवे बाहेर आले.

गाडी हळू येत होती. फार हळू, चालत्या माणसाच्या वेगाने म्हटले तरी चालेल. तीस वर्षांत रादिमने या वळणावर कुठल्याही गाडीला इतक्या हळू येताना ऐकले नव्हते, ब्रेक कुरकुरत होते, इंजिन दबकत होते. बाईने मोकळा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. काचेमागे एक चेहरा होता. पांढराफटक, तोंड किंचित उघडे. तो पुढे रुळांकडे बघत नव्हता, बाजूला या दोघांकडे बघत होता, आणि गाडी पुढे जाईल तशी त्याची मान वळत होती. एक हात ब्रेकच्या दांडीवर होता. एवढ्या जवळून ती बोटे दिसत होती.

मग लाल पत्रा, खिडक्या, खिडकीत पेंगणारी एक शाळकरी मुलगी, मागचे दिवे. पुलाचा पोकळ आवाज. धुके.

रूळ शांत झाले. रादिम गवतात बसला. बाईही बसली, टोपलीच्या शेजारी. तिने आता कुठे बाही सोडली. 

"तुम्ही मला," रादिम म्हणाला, "फार घाबरवलंत हो. काहीही झालं असलं तरी, बाई, असं करू नये. घरी कुणी असेल ना तुमचं."

तिने त्याच्याकडे पाहिले. आधी तिला काही समजले नाही. मग समजले, आणि तिने रुमाल डोक्यावरून मागे सारला.

"मी?" ती म्हणाली.

रादिमने मान डोलावली.

"अहो, ती गाडी चालवत होता ना, तो माझा नवरा," ती म्हणाली. "लुबोश. मी हेदविका. वर व्रबेतिनला राहतो आम्ही, चर्चच्या मागे."

"मग तुम्ही इथे..."

"तुमच्यासाठी आले."

ती हे अगदी साधेपणाने बोलली. कोटाच्या खिशातून तिने ब्रेडची पुरचुंडी काढली, डुकराची चरबी आणि कांदा लावलेला ब्रेड, त्यातला अर्धा तोडून त्याच्या हातात दिला. स्वतः मात्र खाल्ला नाही.

"एप्रिलात झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्यानंतर पाच महिने तो घरी होता. दिवसभर कोंबड्यांकडे बघत बसायचा. डॉक्टर, गोळ्या, सगळं केलं. सप्टेंबरात म्हणाला, जातो कामावर, नाहीतर कधीच जाणार नाही. गेला. पहिले काही दिवस बरं चाललं. आणि मग एका संध्याकाळी घरी आला तो बूटच काढेना. दारातच बसून राहिला. म्हणाला, हेदा, वळणावर माणूस आहे."

रादिमने ब्रेड हातात तसाच धरला होता.

"मी म्हटलं, भास झाला असेल. डॉक्टर म्हणाले होतेच, असं होतं. पण दोन दिवसांनी पुन्हा. नंतर पुन्हा. तपकिरी कोट, उंच, टोपी नाही. मला वाटलं, माझा माणूस गेला हातातून, वेड लागलं त्याला. वर कळवलं तर कायमचं घरी बसवतील. म्हणून काही बोलले नाही कुणाला. टोपली घेतली आणि आले बघायला." ती थोडी थांबली. "खरंच कुणीतरी उभं आहे हे बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आणि मग दुसऱ्याच मिनिटाला वाटलं, हाही उडी मारणार."

"मी फोटो काढतो," रादिम म्हणाला. त्याला शरम वाटली, आणि शरमेने आवाज थोडा चढला. "गाड्यांचे. छंद आहे माझा. तुमच्या नवऱ्याला सांगा, मी फार दिलगीर आहे. मला कल्पना नव्हती. मी नुसता फोटो काढत होतो."

"हो?"

"दाखवतो तुम्हाला."

ब्रेड खिशात घालून तो उठला. रूळ ओलांडताना त्याने दोन्ही बाजूंना पाहिले, आणि मागे वळून न बघताही त्याला कळले की तीही टोपली घेऊन त्याच्या मागोमाग येते आहे. त्याने तिपाईवरचा कॅमेरा काढला, गारठलेल्या बोटांनी चालू केला, मागचा छोटा पडदा तिच्यासमोर धरला.

पडद्यावर एक लाल रेलबस होती. आजूबाजूला बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या वेलींचे मळे, वेली कापून नेलेले, नुसते उंच खांब आणि तारा. पाठीमागे स्वच्छ निळे आकाश.

"छान आहे," हेदविका म्हणाली. "पण हे इथलं नाही."

"नाही. हे सप्टेंबरातलं. पुढे असतील इथले."

त्याने बटण दाबले. पुढे बर्फ आले. डोंगर, गुडघाभर बर्फ, दूरवर एक लाल ठिपका. तो जानेवारीतला पहिला फोटो होता. शेवटचा फोटो संपला की कॅमेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्याने उलट दिशेला बटण दाबले. वेलींचे खांब. पुन्हा पुढे. बर्फ.

"कार्डाला काहीतरी झालं असेल," तो म्हणाला. "थंडीने होतं."

 हेदविका कॅमेऱ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही, पुढच्या बाजूला. रादिमने कॅमेरा फिरवला. भिंगावर काळे झाकण घट्ट बसलेले होते. त्याने ते काढून पाहिले, जणू खाली दुसरे काही निघणार होते, आणि मग पुन्हा लावले. ते शेवटचे कधी काढले होते, ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. वेलींच्या मळ्यात ऊन होते. बांधावर बसून त्याने चहा ओतला होता, दोन्ही कपांत.

"मी रोज तिपाई लावत होतो," तो म्हणाला.

"लावत होतात. मी काल त्या झाडाआडून बघितलं." ती फार हळू बोलत होती. "तिपाई लावता, कॅमेरा बसवता, सगळं नीट करता. आणि मग तिच्या पुढे येऊन उभे राहता."

त्याने खाली पाहिले. तिपाईच्या आणि रुळांच्या मध्ये खडी बाजूला सरून काळी माती उघडी पडली होती. दोन बुटांच्या रुंदीची जागा. बऱ्याच दिवसांची तुडवलेली.

तिथून रूळ हाताच्या अंतरावर होता.

नदीवरून धुके वर सरकत होते. रादिमला थंडी वाजू लागली, आधी हातांना, मग सगळ्या अंगाला, दात एकमेकांवर आपटायला लागले. इतके दिवस तो या जागी तासन् तास उभा राहिला होता आणि त्याला थंडी वाजल्याचे आठवत नव्हते. मघाशी रुळावर पाय टाकताना जी थरथर तळव्याला लागली होती, ती आता त्याला आठवली, आणि पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याला गाडीची भीती वाटली. पुढची गाडी केव्हा येईल याचा त्याने हिशेब केला आणि दोन पावले मागे सरला.

हेदविकाने ते पाहिले. तिने तिपाई उचलून मिटली, आपल्याच घरातली वस्तू असल्यासारखी बगलेत मारली.

"चला," ती म्हणाली. "गाडीचा थांबा जवळच आहे. लुबोश पलीकडच्या स्टेशनावरून परत येईल आता, तीच गाडी घेऊन. घरी सूप आहे, बटाट्याचं. तुम्ही जेवल्याशिवाय तो काही बूट काढणार नाही, मला माहितीय."

"मी कशाला. त्यांना त्रास."

"त्रास द्यायचा तेवढा देऊन झालाय," ती म्हणाली. "आता जेवा."

ते पायवाटेने निघाले. ती पुढे, आणि दर थोड्या पावलांनी मागे वळून बघत होती. वाट रुळांपासून दूर, शेताच्या बांधावरून गेली होती. तिने मुद्दाम ती निवडली असावी. रादिम टोपली घेऊन मागून चालत होता. मधेच ती म्हणाली,

"तुमचं नाव राहिलंच."

"रादिम हेयदुक."

"मुलंबाळं?"

"मुलगी आहे. ब्रनोला असते."

"फोन करते?"

"करते," तो म्हणाला. थोडे अंतर गेल्यावर म्हणाला, "मी उचलत नाही."

 तिची चाल जरा मंदावली आणि ती त्याच्या बरोबरीने चालू लागली.

थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बाक आणि गंजलेला दिवा. दिवा आत्ताच लागला होता. लाल रेलबस पुलावरून हळू आली आणि ठरल्या जागेच्या थोडी अलीकडेच थांबली, जणू चालकाला त्या दोघांच्या जवळ जायचे नव्हते. दार उघडले. आतला पिवळा उजेड फलाटाच्या खडीवर पडला.

लुबोश आपल्या जागेवरून उठून दारात आला. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, दाढी दोन दिवसांची. त्याने आधी बायकोकडे पाहिले. तिने मान हलवली, एवढीशीच. मग त्याने रादिमकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. चेहरा, कोट, हात, बूट, एकेक गोष्ट खरी आहे ना हे तपासत असल्यासारखे. रादिमला वाटले, आता हा ओरडेल, आणि त्याने ओरडावे असेही त्याला वाटले.

"म्हणजे आहात तुम्ही," लुबोश म्हणाला.

"आहे," रादिम म्हणाला. "माफ करा मला."

लुबोशने दाराचा दांडा धरला होता. त्याची बोटे कापत होती, आणि ती लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही.

"उद्या असाल का तिथे?"

हेदविका आत चढली होती. तिने वळून पाहिले. आत तीच शाळकरी मुलगी, उतरायचे ठिकाण चुकवून, दप्तरावर डोके टेकून झोपली होती. एक म्हातारी मोठ्या आवाजात म्हणाली की दार लावा, सगळी थंडी आत येतेय.

नाही, असे म्हणायला रादिमने तोंड उघडले. सोपा शब्द होता. त्याने तो आयुष्यभर लोकांना सांगितला होता, नाही, लिफ्ट पडणार नाही, नाही, काही होणार नाही, आणि तो नेहमी खरा ठरला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तो शब्द ऐकून त्याचा त्यालाच धक्का बसला. खालची खडी पायाखालून सरकल्यासारखी वाटली आणि त्याने पायरीजवळचा दांडा पकडला. दांडा बर्फासारखा गार होता. एक पाय पायरीवर, एक खाली, असा तो उभा राहिला. पुढे चढायला जोर लागत होता आणि तो कुठून आणावा हे त्याला कळत नव्हते.

लुबोशने हात पुढे केला नाही. तो आपल्या जागी जाऊन बसला, पण मान वळवून दाराकडेच बघत राहिला. ब्रेकच्या दांडीला त्याने हात लावला नव्हता. वर रेडिओ खरखरला. व्रबेतिनहून कुणीतरी विचारत होते की गाडीची वेळ होऊन गेली, का सुटत नाही, काय झाले.

लुबोशने रेडिओ हातात घेतला.

"एक जण अजून चढतोय," तो म्हणाला.